वैद्याचे दोन धनी

पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेची ‘रीजनरेशन’ ही कादंबरी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १९९३ व १९९५ सालीं आणखी दोन भाग निघून त्रयी पुरी झाली व तिसऱ्या भागास बुकर पारितोषिक मिळालें. तरीहि आमच्या मतें या त्रयीचा गाभा पहिल्याच पुस्तकांत आहे. युद्धावरील कादंबरी म्हटली कीं वाचकास तोफांच्या गडगडाटाची अपेक्षा असते. येथें बहुतेक कथा घडते ती एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयांत, समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्यांमध्यें. एकीवर रणांगणांत मनानें खचलेला अधिकारी, दुसरीवर डॉ. रिव्हर्स.

हे डॉ. रिव्हर्स कल्पित नव्हेत. निलगिरींतील तोडा लोकांवर १९०६ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारे मानवशास्त्रज्ञ ते हेच. पहिल्या महायुद्धांत ते सैन्याच्या वैद्यकीय दलांत कॅप्टन होते. युद्ध मुद्दाम लांबविलें जात आहे, असें जाहीर पत्रक काढणारा कवि व शूर अधिकारी सीगफ्रीड ससून १९१७ च्या जुलैंत त्यांच्याकडे आला. त्याला लष्करी न्यायासनापुढें उभा करण्यापेक्षां मनोरुग्ण ठरविणें अधिकाऱ्यांना सोयीचें वाटलें.

भयंकर आठवणी दडपूं नका, त्यांविषयीं बोला, हा रिव्हर्स यांचा उपचार. त्यांच्याच काळीं लंडनचे डॉ. येलंड हे वाचा गेलेल्या शिपायांना विजेचे झटके देऊन बोलतें करीत. एक दयाळू व दुसरा निष्ठुर, असा सोपा विरोध एकाद्या सामान्य लेखकानें रंगविला असता. बार्करबाई तेथें थांबत नाहींत. येलंडचा प्रयोग पाहून परतलेल्या रिव्हर्सना स्वप्न पडतें आणि त्यांच्या ध्यानांत येतें कीं, मार्ग निराळे असले तरी शेवट एकच: सैनिकाचा निषेध मुका करून त्याला पुन्हां खंदकांत धाडणें. पुस्तकांतील हें सर्वांत धीट स्थळ होय.

रुग्णानें सांगितलेलें वैद्यानें पोटांत ठेवावें, हा नियम आपला घरचा डॉक्टरहि पाळतो. परंतु ज्याच्या अंगावर सरकारची वर्दी आहे, त्यानें काय करावें? रुग्ण विश्वासानें मन मोकळें करतो. त्यामुळेंच तो बरा होतो. आणि बरा झाला कीं तोच वैद्य त्याला वैद्यकीय मंडळापुढें लढण्यास योग्य ठरवितो. मग तो विश्वास कोणाच्या कामीं आला? हा प्रश्न सर्वांत तीव्रपणें उभा करतो तो बिली प्रायर हा कल्पित अधिकारी. आरंभीं मुका असलेला, कामगारांच्या वस्तींतून वर आलेला हा तरुण वैद्यालाच उलट प्रश्न विचारतो. एकानेंच उघडें व्हावें आणि दुसऱ्यानें झांकलेलें राहावें, हें त्याला मान्य नाहीं. त्रयींतील तो सर्वांत सजीव माणूस आहे.

दोष नाहींत असें नाहीं. क्रेगलॉकहार्ट अधिकाऱ्यांपुरतें होतें. त्यामुळें साधा शिपाई कथेंत ओझरताच दिसतो. दुसरें असें कीं, लेखिकेचा रिव्हर्सवर इतका जीव आहे कीं त्यांचा पश्चात्ताप हाच जणूं त्यांचा निर्दोषपणा ठरतो. आपली टोचणी त्यांनीं रुग्णांपुढें स्पष्ट मांडली असती, तर परीक्षा खरी झाली असती.

आज अमेरिकेंत सेवेंतील सैनिकांस वरिष्ठांना न कळतां सल्ला मिळण्याची सोय आहे. जिवास धोका दिसल्यास मात्र तेथेंहि गुप्तता सोडावी लागते. अशा सोयीची गरज कां पडते, हें नियमांच्या पुस्तकापेक्षां ही कादंबरी अधिक चांगलें सांगते. सैनिकाला बोलतें करणें हें अर्धेंच काम होय. त्याचें बोलणें पुढें कोठें जाणार, हें त्याला आधीं कळलें पाहिजे.

ससून १९१७ च्या नोव्हेंबरांत कामास योग्य ठरला. पुढच्या जुलैंत त्याच्या डोक्यास गोळी लागली, पण तो वांचला. त्याच रुग्णालयांतील त्याचा कविमित्र विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, युद्ध थांबण्यास एकच आठवडा असतांना, पडला. दोघेहि बरे होऊनच गेले होते. ज्यांच्या घरचा मुलगा सैन्यांत आहे त्यांनीं, आणि ज्यांच्या घरचा नाहीं त्यांनींहि, हें पुस्तक अवश्य वाचावें.