दैवी रहस्य आणि विश्वासी जनांचे ऐक्य : मराठी ख्रिस्ती साहित्यातील तीन टप्पे

ख्रिस्ती विचारातील 'रहस्य' म्हणजे न उकलणारे कोडे, असा अर्थ घेतला की त्या संकल्पनेचा गाभाच निसटतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात या शब्दाला नेमका आशय आहे. पूर्वी गुप्त असलेला व ख्रिस्ताच्या ठायी प्रकट झालेला ईश्वरी संकल्प म्हणजे रहस्य. आणि यहुदी व यहुदीतर हे एकाच वारशाचे वाटेकरी, एकाच शरीराचे अवयव आहेत, हा तो संकल्प होय. ईश्वराचे गूढ आणि विश्वासी जनांचे ऐक्य या येथे दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. ऐक्य ही त्या रहस्याची खूण आहे.

ही संकल्पना मराठीत आली तेव्हा तिची गाठ एका समृद्ध भक्तिपरंपरेशी पडली. या परंपरेत गुह्य गुरुमुखातून शिष्याकडे येते आणि 'ऐक्य' हा शब्द मुख्यतः देव व भक्त यांच्या एकरूपतेसाठी योजला जातो. माणसामाणसांतील ऐक्याचा प्रत्यय वारकरी पंथात तत्त्वचर्चेपेक्षा काल्याच्या प्रसादात अधिक येतो. या दृष्टीने काला आणि प्रभुभोजन यांचे नाते तौलनिक अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावे. दोहोंतही एकत्र खाणे हीच एकत्वाची कसोटी आहे. आणि जातीने बांधलेल्या समाजात दोहोंचीही खरी परीक्षा तेथेच होते.

या परीक्षेचा पहिला टप्पा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त दिसतो. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट स्वीकारला आणि 'वैकुंठ', 'स्वामी' हे परिचित शब्द निःसंकोच योजले. मात्र बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची नावे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचीच ठेवली. हे भाषिक धोरण अर्थपूर्ण आहे. कथा श्रोत्यांच्या भाषेत यावी, परंतु संस्कारांचे गूढ त्या भाषेत विरघळू नये, अशी दक्षता त्यामागे दिसते. येथे रहस्य हे शिकविण्याचे व जपण्याचे सत्य आहे. ऐक्याचा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही. गोव्यातील चर्चच्या बंधुसंघांत जातिभेद पुढेही टिकून राहिला, हे सर्वश्रुत आहे.

दुसरा टप्पा रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी भूमिका मांडली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली व गुरू या रूपांत येतो. रहस्य सिद्धान्ताच्या पातळीवरून नात्याच्या पातळीवर उतरते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. रहस्याला संस्थेचे कुंपण नाही, असे विधानच या कृतीतून झाले. पण अवघ्या दोन वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि दरबाराला स्थिर रूप लाभले नाही. शिवाय अभंगाचा सूर ऐक्याचा आनंद गातो. त्या ऐक्यासाठी काय सोडावे लागते, याचा हिशेब तो क्वचितच मांडतो. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार-मांग समाजातून आलेल्यांची संख्या मोठी होती. ब्राह्मण कवीच्या गाण्यातील समतेला या वास्तवाच्या संदर्भातच तपासावे लागते.

तो हिशेब तिसऱ्या टप्प्यात, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) या आत्मकथनात मिळतो. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या त्यांच्याकडे राहावयास आल्या, तरी सोवळे आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. पुढे जातिभेद हा ईश्वराचा नव्हे, माणसाचा आहे, अशी खूणगाठ त्यांच्या मनाशी पटली आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. हा बदल त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, ही बाब निर्णायक ठरते. ऐक्य हे येथे संस्काराचे फळ म्हणून येत नाही. संस्काराकडे नेणारी वाट म्हणून येते. विनोदाची सहज पखरण असलेल्या, स्वतःच्या सोवळ्यालाही न वगळणाऱ्या या गद्यात 'रहस्य' हा शब्द मिरविला जात नाही. तथापि इफिसकरांच्या पत्रातील आशय मराठीत सर्वांत खरेपणाने उतरला आहे तो याच ठिकाणी.

१९७० मध्ये नागपूर येथे सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासींचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना तिने मान्यता दिली. बाप्तिस्म्याच्या मतभेदापेक्षा ऐक्य मोठे मानण्याचा हा संस्थात्मक प्रयत्न टिळकांच्या दरबाराची आठवण करून देतो. मात्र दरबार बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही सामावत होता, हा भेद विसरता येत नाही. संस्था पंथांची सांधेजोड करू शकते. पंक्तीतील अंतर मिटविणे ही प्रत्येक व्यक्तीच्या निश्चयाची बाब उरते. मराठी ख्रिस्ती साहित्याचे मूल्यमापन बहुधा काव्याच्या अंगाने, ओवी-अभंगांच्या स्वीकाराचा गौरव करीत झाले आहे. रूपाच्या या गौरवात लक्ष्मीबाईंच्या गद्यातील धर्मविचार दुर्लक्षित राहू नये. रहस्य सांगता येत नाही, असे म्हणणाऱ्या परंपरा अनेक आहेत. ते पाण्याच्या भांड्यापाशी ओळखता येते, हे या लेखनाने दाखविले आहे.