उपासनावर्षाचे ऋतू आणि मराठवाड्याचे शिवार : मराठी ख्रिस्ती चिंतनपर लेखनाचा एक विचार

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने महाकाव्य, अभंग व आत्मचरित्र या प्रकारांकडे गेले आहे. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ व पेंटेकॉस्ट यांना अनुसरून लिहिले जाणारे चिंतनपर गद्य मात्र धार्मिक वाचनापुरते मर्यादित मानले गेले. वस्तुतः या लेखनापुढे एक वाङ्मयीन प्रश्न उभा आहे. ज्या ऋतूंच्या प्रतिमांतून ते बोलते, ते ऋतू वाचकाचे आहेत काय? नांदेड-लातूर परिसर समोर ठेवून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

परंपरा

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यातील दुसरे पुराण ख्रिस्तजन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगते. उपासनावर्षाच्या पूर्वार्धाचा क्रमही स्थूलमानाने हाच आहे. स्टीफन्स यांनी या कथेला ओवी दिली, तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग दिला. टिळकांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून व ललित गद्यातून चिंतनपर लेखनाला समकालीन मराठी वळण दिले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे मराठवाड्याच्याच भूमीवर, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

या परंपरेने रूप आणि भाषा आपलीशी केली, याबद्दल दुमत नसावे. काळाचे आपलेपण मात्र अद्याप पूर्ण साधलेले नाही.

उसना वसंत

नाताळ म्हणजे हिमाच्छादित रात्र आणि पुनरुत्थान म्हणजे वसंतातील अंकुर, ही प्रतिमासृष्टी युरोपातून आली आणि आपल्या चिंतनांतून अनेकदा तशीच पुढे चालत राहिली. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. त्या सुमारास मराठवाड्यात रब्बी ज्वारीची काढणी होऊन शिवार उघडे पडलेले असते आणि उन्हाळा चढू लागलेला असतो. अशा वेळी अंकुराची प्रतिमा वाचकाच्या अनुभवाशी जुळत नाही. बायबलमध्ये मात्र याहून जवळची प्रतिमा उपलब्ध आहे. वल्हांडण हा यहुदी सण जवाच्या कापणीच्या हंगामात येतो आणि संत पौल पुनरुत्थित ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो. खळ्यावरील पहिली रास पाहिलेल्या वाचकाला हा शब्द टीपेवाचून कळेल.

नाताळचेही असेच आहे. लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या, म्हणजेच येळवस, साजरी होते. ती बहुधा नाताळच्या मागेपुढेच येते. त्या दिवशी कुटुंबे शेतात कडब्याची खोप उभारतात, भज्जी व आंबील यांचे सहभोजन करतात. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची वार्ता प्रथम रानात राहणाऱ्या मेंढपाळांना मिळते. ही दोन दृश्ये एकमेकांशेजारी ठेवण्यास बर्फाची गरज नाही.

उपवास आणि टंचाई

खरी कसोटी उपवासकाळाची आहे. २०१६ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीस व ईस्टर २७ मार्चला होता. १२ एप्रिलला, म्हणजे पुनरुत्थानकाळात, मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजात पूर्वास्पृश्य व भूमिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्यांच्या वाट्याला टंचाई न मागता आली, त्यांना त्यागाचा महिमा सांगणारे चिंतन पोकळ ठरण्याचा धोका असतो. आपल्या मते या लेखनप्रकाराची मुख्य उणीव येथेच आहे. उपवासाला ते वैयक्तिक संयमाच्या चौकटीत बसवते. उपवासकाळाच्या आरंभीच वाचला जाणारा यशयाचा ५८ वा अध्याय मात्र जुलमाचे जू मोडणे व भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे यालाच खरा उपवास म्हणतो.

योएल संदेष्ट्याचे पुस्तक या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. टोळधाड आणि अवर्षणाने त्याचा प्रारंभ होतो, पुढे पावसाचे वचन येते आणि त्यानंतर आत्म्याच्या वर्षावाचे. कॅथलिक उपासनेत त्यातील पश्चात्तापाचे आवाहन राखेच्या बुधवारी वाचले जाते. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्राने केलेल्या प्रवचनाचा आधारही हेच पुस्तक आहे. पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जून या काळात, मृग नक्षत्राच्या आगेमागे येतो. राखेपासून पावसापर्यंतचा हा प्रवास मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दरवर्षीच्या प्रतीक्षेला समांतर जातो.

समारोप

स्थानिक सणांची नावे घातल्याने चिंतन आपोआप देशी होत नाही, तसेच शेती आणि शास्त्रवचन यांचे प्रत्येक साम्य अर्थपूर्ण असतेच असे नाही. तथापि उपासनावर्षाच्या मुळाशी असलेले यहुदी सण स्वतःच कापणीशी व पावसाशी बांधलेले होते. म्हणून शिवाराकडे वळणे म्हणजे मूळ ग्रंथापासून दूर जाणे नव्हे. स्टीफन्स आणि टिळक यांनी छंदाच्या बाबतीत जे धैर्य दाखवले, ते काळाच्या बाबतीत दाखवणे ही आजच्या लेखकांची जबाबदारी आहे. समीक्षकांनीही या गद्याकडे केवळ भाविकतेचा दस्तऐवज म्हणून न पाहता साहित्याच्या निकषांवर त्याचे वाचन करणे अगत्याचे आहे.