रूळ आधी की भूमी?

मेजावर चिमुकली आगगाडी धावविणे हा केवळ पोरखेळ होय, असे आम्ही मानीत नाही. अल्प जागेत एक मुलूख उभा करणे ही कला आहे. आणि कला म्हटली की तिला टीकेचे माप लावलेच पाहिजे.

पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १ एप्रिल १९९८ रोजी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय पाहून प्रेक्षक थक्क होतो. गाड्या, सिग्नल, सर्कस आणि हमरस्ता यांचा तेथील मेळ हे यंत्रकौशल्याचे निर्विवाद यश आहे. मात्र हे शहर कोणत्या मुलखातले, हा प्रश्न मनात राहतोच. संग्रहालयाला हे शोभून जाते. घरच्या फळीवर त्याचे अनुकरण फसते. हौशी माणूस आधी फळी रुळांनी भरतो आणि उरलेल्या कोपऱ्यांत डोंगर व बोगदा कोंबतो. गाडी वाटोळी फिरते, पोहोचत कोठेच नाही.

आमच्या मते आरंभ भूमीपासून व्हावा. बालाघाटचेच उदाहरण घ्या. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरवरून जबलपुरास जाणारा छोटा मार्ग ७६२ मिलिमीटर रुंदीचा होता. १:८७ या रूढ प्रमाणात ही रुंदी पावणेनऊ मिलिमीटर भरते. बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा मार्ग तिला जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. उलट आपल्या १६७६ मिलिमीटरच्या रुंद मार्गाला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत, आणि हौशी मंडळी ती गाडी परदेशी मापाच्या साडेसोळांवर चालवितात. छोट्या मार्गाची एंजिने व डबे हाताने घडवावे लागतील. तो श्रम सार्थकी लागेल.

सहा फुटी फळी म्हणजे या प्रमाणात जेमतेम १५९ मीटर. तीत स्थानक, सातपुड्याचा चढ आणि वैनगंगा ही सारी मावणार नाहीत. एक ठेंगणा फलाट, एक सांधा, एक सायडिंग, भरवेलीच्या खाणींची खूण म्हणून मँगनीजचा काळसर ढीग, आणि मागे बांबूचे बेट, ज्याआड रूळ दिसेनासा व्हावा. नदी मागच्या पडद्यावर रंगविली तरी पुरे.

बालाघाटहून जबलपूरकडे जाणारी ही छोटी गाडी २०१५ साली थांबली आणि तिच्या जागी रुंद मार्ग आला. मूळ मार्ग उखडला गेल्यावर त्याच्या प्रतिकृतीवर साक्षीची जबाबदारी येते. साक्षीत पदरचा बोगदा घालण्याचा अधिकार कोणासही नाही.