लाल दिसते ते सारे? : मेंदूच्या शस्त्रक्रियेतील प्रकाशीय पद्धतीची चिकित्सा

ग्लायोमा या मेंदूतील गाठीला निश्चित कड नसते. ती निरोगी ऊतींत मुरलेली असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल पाजले जाते. गाठीच्या पेशींत त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन साठते व निळ्या-जांभळ्या प्रकाशात ते लाल दिसते.

या पद्धतीची ख्याती मुख्यतः जर्मनीतील वाल्टर स्टुमर व सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या चाचणीवर उभी आहे. एमआरआयवर उजळणारा गाठीचा भाग पूर्ण निघाल्याचे प्रमाण तीत ६५ टक्के, तर साध्या प्रकाशात ३६ टक्के आढळले. सहा महिन्यांपर्यंत रोग न बळावलेल्यांचे प्रमाणही ४१ विरुद्ध २१ टक्के होते. फरक लक्षणीय आहे. तथापि एकूण आयुर्मानात तसा फरक सिद्ध झाला नाही आणि कौतुकपर लेखनात नेमकी हीच बाब मागे पडते. शिवाय कोणता प्रकाश वापरला जात आहे, हे शल्यविशारदास अर्थातच ठाऊक होते. लाली दिसते ती पृष्ठभागावरची. रक्ताच्या थराखालची झाकलीच जाते. मंद वाढीच्या गाठींत तर ती बहुधा उमटत नाही.

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीच्या रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी मोठे शहर गाठावे लागते. तेथे त्याच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न आधी येतो. नेत्रतपासणीत रुळलेले फ्लुरोसिन हे रंगद्रव्य त्यामानाने बरेच स्वस्त. पण ते पेशींत साठत नाही, रक्तवाहिन्यांचा अडसर तुटला असेल तेथे झिरपते. त्यामुळे त्याची पिवळी झाक गाठीबाहेरच्या सुजेतही दिसू शकते.