आरोप एक, पुरावा भलत्याचाच

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’बद्दल बोलताना आपण बहुधा मध्यमवर्गाच्या दांभिकतेवर येऊन थांबतो. ते चूक नाही. पण आज आपण एक कोरडा वाटेल असा प्रश्न विचारू. लीला बेणारेवर आरोप कशाचा, आणि पुरावा कशाचा?

आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२ खाली. आता बघा, ३०२ हे तेव्हा खुनाचं कलम होतं. आणि २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या २९९व्या कलमाचं तिसरं स्पष्टीकरण सांगत होतं की, आईच्या पोटातल्या गर्भाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. त्यासाठी कलमं वेगळी होती. म्हणजे आरोपच मुळात डळमळीत. खेळातला खटला म्हणून हे सोडून देऊ.

पण साक्षी? सामंत हातातल्या कादंबरीच्या आधारानं साक्ष देतो. बेणारेनं लग्नाचं विचारलं होतं, हे पोंक्षे सांगतो. काशीकर तर न्यायाधीशाची खुर्ची सोडून साक्षीदार होतात. या साऱ्यात गर्भ मारल्याचा पुरावा एकही नाही. पुरावा आहे तो गर्भ असल्याचा!

आपल्या न्यायदर्शनात वादातल्या पराभवाच्या जागा, म्हणजे निग्रहस्थानं, बावीस सांगितली आहेत. मूळ विधान सोडून दुसरंच सिद्ध करू लागणं हे त्यातलं प्रतिज्ञान्तर. विषयाशी संबंध नसलेलं बोलणं हे अर्थान्तर. असं करणारा वादी तिथल्या तिथे हरला. काशीकरांच्या कोर्टात मात्र वादी विधान बदलतो आणि हरते आरोपी. कारण न ठेवलेल्या आरोपाला उत्तर द्यायचं तरी कसं? बोलायला तिला मिळतात दहा सेकंद.

आणि शिक्षा कोणती? पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या कृत्याचा आरोप, त्याचाच हुकूम!

आम्ही हे नाटक वर्गात अनेकदा चर्चेला घेतलं. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘सर, ते मूल दामल्यांचंच ना?’ आरोप काय होता, हे कुणालाच आठवत नसे. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात आम्हालाही आठवला नव्हता. तेंडुलकरांनी आपल्यालाही त्या कोर्टात बसवलं आहे, ते इथे. तेव्हा पुढच्या वेळी, नाटकात असो वा वर्तमानपत्रात, कुणाच्या चारित्र्याची चर्चा रंगली की आपण एवढंच विचारावं : मूळ आरोप काय होता हो?