शासकीय प्रसिद्धिपत्रके आणि वृत्तपत्रांची स्वतंत्र वार्तांकनाची जबाबदारी : जलयुक्त शिवार अभियानाच्या संदर्भात

प्रस्तावना :

लोकशाहीत आपल्या निर्णयांची व कामांची माहिती जनतेस देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. महाराष्ट्रात ही जबाबदारी माहिती व जनसंपर्क महासंचालनालय पार पाडते. त्याच्या विभागीय व जिल्हा माहिती कार्यालयांतून वृत्तपत्रांकडे दररोज बातम्या, छायाचित्रे व यशकथा पाठविल्या जातात आणि जिल्हा दैनिकांत त्या अनेकदा जशाच्या तशा छापल्या जातात. प्रसिद्धिपत्रक छापण्यात गैर काहीच नाही. मात्र ते छापले की बातमी पूर्ण झाली, असे मानणे गैर आहे. प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या जिव्हाळ्याच्या पाणीप्रश्नाच्या आधारे या प्रवृत्तीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रसिद्धिपत्रकाचे स्वरूप :

प्रसिद्धिपत्रक सहसा खोटे नसते. ते निवडक असते. किती कामे झाली, किती निधी खर्च झाला, किती साठवणक्षमता निर्माण झाली हे त्यात असते. त्या क्षमतेत प्रत्यक्ष पाणी किती साठले आणि ते मार्चअखेर उरले काय, हे बहुधा नसते. शिवाय प्रसिद्धिपत्रक आकड्यांबरोबर शब्दही पुरविते. ‘टंचाईमुक्त गाव’ हा असाच एक शब्द होय. तो अवतरणचिन्हांशिवाय मथळ्यात आला की शासनाचा दावा वृत्तपत्राचे विधान बनतो.

दावा आणि पडताळणी :

‘सर्वांसाठी पाणी : टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ हे उद्दिष्ट ठेवून डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचा संकल्प होता. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी शिर्डी येथील जाहीर सभेत पंतप्रधानांनी राज्यातील सोळा हजार गावे दुष्काळमुक्त झाल्याचे सांगितले. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ३१ ऑक्टोबर रोजी, राज्य शासनानेच १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात मराठवाड्यातील अनेक तालुके होते. त्या वर्षी पाऊस कमी झाला हे खरे. परंतु योजनेचे आश्वासन नेमके अशाच वर्षांसाठी होते. दोन्ही बातम्या एकाच महिन्यात प्रसिद्ध झाल्या. त्या शेजारीशेजारी ठेवून प्रश्न विचारणे हे वृत्तपत्राचे काम होते.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी, ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागविण्यात व भूजलपातळी वाढविण्यात अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष काढला. या निष्कर्षावरही मतभेद झाले आणि २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. तथापि, लेखापरीक्षकांनी विचारलेले प्रश्न आधीही विचारता येण्यासारखे होते. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा यांनी ते विचारलेही होते. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचे सूत्र सोडून नाल्यांचे अशास्त्रीय खोलीकरण होत असल्याचा आक्षेप घेत त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. पुढे माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

शासन एकच बोलत नाही :

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रसिद्धिपत्रकाची पडताळणी करणारी साधने बहुतांशी शासनाच्याच दप्तरांत असतात. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. विभागीय आयुक्तालयात टंचाईकाळातील टँकरची जिल्हानिहाय आकडेवारी असते. एका कार्यालयाच्या यादीत टंचाईमुक्त असलेले गाव दुसऱ्या कार्यालयाच्या यादीत टँकरग्रस्त आहे काय, एवढे ताडून पाहिले तरी स्वतंत्र बातमी हाती लागते. म्हणून स्वतंत्र वार्तांकन म्हणजे शासनाला विरोध नव्हे. शासनाच्या प्रसिद्धीची त्याच्याच माहितीशी घातलेली सांगड, आणि त्यानंतर प्रत्यक्ष विहिरीच्या काठावर जाऊन केलेली खात्री, असे त्याचे स्वरूप आहे.

अडचणी आणि परंपरा :

तालुका वार्ताहराकडे अनेकदा जाहिराती मिळविण्याचेही काम असते. वृत्तपत्राला शासकीय जाहिराती हव्या असतात. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने दहा कोटी रुपये खर्चाच्या माध्यम संनियंत्रण केंद्रास मान्यता दिली. बातम्यांची सकारात्मक व नकारात्मक अशी विभागणी करणे हा त्याच्या कामाचा भाग ठरविण्यात आला. वस्तुतः बातमीची कसोटी ती सकारात्मक आहे की नकारात्मक ही नसून ती खरी व पुरेशी आहे की नाही, हीच असू शकते.

मराठवाड्याला या बाबतीत परंपरेचा आधार आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा त्यांनी नावे बदलून पत्र चालविले. त्याच पत्राचे संपादक अनंत भालेराव यांना आणीबाणीत कारावास भोगावा लागला. आज मागणी तुरुंगवासाची नाही. दोन शासकीय तक्ते ताडून पाहण्याची आहे.

समारोप :

प्रसिद्धिपत्रक हे बातमीचे साधन आहे, बातमी नव्हे. ते छापताना त्याचा उगम स्पष्ट नमूद करावा, दाव्याचे शब्द दाव्याच्याच रूपात द्यावेत आणि मोजमापाचा निकष विचारावा. पत्रकारिता विभागांनी दुष्काळी भागातील एखाद्या गावाबाबतच्या शासकीय दाव्याची पडताळणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. टंचाईमुक्तीची बातमी छापून आली की त्या गावाच्या टँकरच्या मागणीकडे संशयाने पाहिले जाण्याचा धोका असतो. न तपासलेल्या बातमीची किंमत अखेर हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसालाच मोजावी लागते.