नाव, दूध आणि करडू : घरातील प्राण्यांच्या तीन भारतीय चित्रणांचा तुलनात्मक विचार

भारतीय भाषांतील प्राणिकथेची चर्चा पंचतंत्र आणि जातककथा यांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. त्या परंपरेतील कोल्हा किंवा वानर हा आपल्या जातीचा प्रतिनिधी असतो. त्याच्या जागी दुसरा कोल्हा आणला तरी कथेचे काही बिघडत नाही. घरातल्या आणि परसातल्या प्राण्याचे तसे नाही. तो ओळखीचा असतो, त्याच्या खोडी ठाऊक असतात, आणि त्याच्या जागी दुसरा आणला तर तो दुसराच असतो. विसाव्या शतकातील काही लेखकांनी अशा प्राण्याला व्यक्तिमत्त्व दिले, याची दखल समीक्षेने घेतली आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. प्राण्याला व्यक्ती म्हणून ओळखणारे लेखन त्याच्या स्वतःच्या कुटुंबालाही ओळखते काय? महादेवी वर्मा यांचे हिंदी ‘मेरा परिवार’ (1972), वैकम मुहम्मद बशीर यांची मलयाळम कादंबरी ‘पातुम्मायुडे आडु’ (1959) आणि पेरुमाळ मुरुगन यांची तमिळ ‘पूनाच्ची’ (2016) यांच्या आधारे हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे. शेवटच्या दोन कृती मी अनुवादांतून वाचल्या आहेत. म्हणून त्यांच्या भाषाशैलीविषयी विधाने करण्याचे टाळले आहे.

महादेवींच्या रेखाचित्रांत व्यक्तिमत्त्वाची सुरुवात नावापासून होते. आपल्याकडे ढवळ्या, पवळ्या, तांबू ही नावे रंगावरून पडतात. गौरा या गायीचे नावही त्याच रीतीचे आहे. परंतु नीलकंठ या मोराच्या लेखात नावांना पुराणाचा आधार मिळतो. त्याची सहचरी राधा होते. आणि बाजारातून आणलेली, पायांना जबर इजा झालेली दुसरी लांडोर कुब्जा ठरते. पुढे ही कुब्जा राधेला चोचीने ढकलून तिची अंडी फोडते, तेव्हा वाचकाला ते मत्सराचे कृत्य वाटते, कारण नावाने तो अर्थ आधीच ठरवून ठेवलेला आहे. वस्तुतः मोरांमध्ये एक नर अनेक माद्यांशी संग करतो आणि अंडी उबविण्यात त्याचा वाटा नसतो. नीलकंठ आणि राधा यांचे दांपत्य हे बऱ्याच अंशी लेखिकेच्या नजरेने घडविलेले आहे. मात्र या नजरेमागचे निरीक्षण खोटे नाही. फुटलेली अंडी, सशांच्या पिलांवर मोराने ठेवलेली राखण, ही दृश्ये अर्थाच्या चौकटीबाहेरही उभी राहतात. महादेवींची थोरवी त्यांच्या निरीक्षणात आहे आणि मर्यादा त्यांच्या नामकरणात.

‘गौरा’मध्ये मात्र त्यांनी या मर्यादेपलीकडे पाऊल टाकले आहे. गौरा भरपूर दूध देऊ लागते आणि घराला पूर्वी दूध विकणाऱ्या गवळ्याचे गिऱ्हाईक तुटते. गुळातून चारलेल्या सुईने ती झिजत मरते. या लेखातील सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र म्हणजे तिचे वासरू लालमणी. आईचे दुखणे त्याला खेळ वाटतो. तो तिच्या अंगाशी उड्या मारीत राहतो. शोक करणारे माणसांचे कुटुंब आणि शोक न कळणारे गायीचे कुटुंब येथे शेजारी शेजारी ठेवले आहे, आणि लेखिकेने वासराच्या तोंडी कसलीही करुणा घातलेली नाही.

बशीर यांच्या शेळीला नावच नाही. ती ‘पातुम्माची शेळी’ आहे, म्हणजे मालकी हीच तिची ओळख. तिचे व्यक्तिमत्त्व तिच्या खाण्यात आहे. लेखकाच्या पुस्तकांच्या प्रतीही ती फस्त करते, आणि या वाचकाविषयी लेखकाला संतापापेक्षा कौतुकच वाटते. ती व्याल्यावर तिचे दूध सगळ्यांच्या हिशेबात येते : पातुम्माला ते विकून चार पैसे करायचे आहेत, आणि घरातली माणसे ते कधी मागून, कधी चोरून मिळवतात. घरातील नात्यांचा सारा नकाशा या दुधावरून काढता येतो. करडाच्या वाट्याचे काय, हे कादंबरी थांबून विचारीत नाही. पण शेळीच्या मनात काय चालले आहे हे सांगण्याचा आवही आणीत नाही.

मुरुगन यांनी तो प्रश्न केंद्रस्थानी आणला. 2015च्या जानेवारीत त्यांनी लेखक म्हणून आपला मृत्यू जाहीर केला होता. 2016च्या न्यायालयीन निकालानंतरच्या या कादंबरीत माणसांविषयी लिहिण्याच्या भयातून ते शेळ्यांकडे वळले. पूनाच्ची ही आईवेगळी पाठ आहे. घरातली दुसरी शेळी तिला सडाला लावून घेत नाही. पशुपालकांना हे अनोळखी नाही : शेळी व्याल्यानंतर थोड्याच वेळात आपले करडू वासावरून ओळखते आणि परके करडू ढुशी देऊन दूर सारते. म्हणजे येथे प्राण्याच्या कुटुंबाला प्राण्याचेच नियम आहेत. पुढे पूनाच्चीला एका वेतात सात करडे होतात. म्हातारा-म्हातारीसाठी ती दैवाची देणगी आहे आणि विक्रीचा मालही. करडे जातात तेव्हा तो वियोग आपण आईच्या बाजूने मोजतो. आक्षेप इतकाच की कादंबरी जसजशी पुढे सरकते तसतसे पूनाच्चीचे आयुष्य प्रीती, मनाविरुद्धचा समागम, बाळंतपण अशा ओळखीच्या स्त्रीजीवनाच्या साच्यात बसत जाते. शेळीचा टाहो ऐकू येतो, पण त्यात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज मिसळलेला असतो.

तिन्ही कृती एकत्र ठेवल्या असता दिसते ते असे : प्राण्याला स्वभाव देणे साहित्याला तुलनेने सोपे गेले, त्याचे गणगोत मान्य करणे अवघड गेले, कारण ते मान्य करताच दुधावरील आणि करडावरील आपला हक्क प्रश्नांकित होतो. ‘मेरा परिवार’ या शीर्षकातील ‘मेरा’ हा शब्द म्हणूनच प्रेमाचा आहे आणि मालकीचाही. गाय पान्हा चोरते असे आपण मराठीत म्हणतो. वासरासाठी राखलेल्या दुधाला ‘चोरी’ म्हणणारी ही भाषा कोणाच्या बाजूने बोलते, हे तुलनात्मक अभ्यासकाने एकदा तपासून पाहावे.